ल्युपस नाहीतर संधिवात निघालाय? मग हृदयाच्या व्हॉल्व्हची तपासणी पहिल्या दिवसापासून अशी करून घ्या

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी आलं की घरात सगळ्यांची पळापळ, खालच्या हौदातनं वर दोन मजले बादल्या. माझी धाकटी बहीण त्यात कायम पुढं असायची. एका पहाटे तिसऱ्या बादलीला ती जिन्यातच बसली, बादली पायरीवर ठेवली, एक हात कठड्याला आणि म्हणाली, "ताई, दम लागायलाय गं." ल्युपस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार, निघून तेव्हा वर्ष झालं होतं, गोळ्या चालू होत्या, बोटं-मनगटं बरी होती, म्हणून आम्ही म्हटलं रक्त कमी असेल. ज्या डॉक्टरांकडं नेलं तेही तेच म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या, चार महिने त्यात गेले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, तिला डाव्या कुशीवर वळवून परत ऐकलं आणि विचारलं, "ल्युपस आहे ना? मग इको कधी केलाय?"

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती केलीच नव्हती. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. घरात कुणाला नुकताच ल्युपस, रुमॅटॉइड, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असलं काही निघालं असेल, किंवा पोराला संधिवाताचा ताप येऊन गेला असेल, तर काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं, ते. डोस आणि गोळ्या तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुमच्या हातात आहे.

आधी "संधिवात" या शब्दाचा घोळ सोडवा

हा घोळ इतका मोठा आहे की मी याला पहिली पायरीच म्हणते. आपल्याकडं सांधे दुखले की सगळ्याला संधिवात, आमवात, वाताचा त्रास म्हणून मोकळं होतात आणि त्यात किमान तीन-चार वेगवेगळे आजार एका पोत्यात पडतात, त्यांचं हृदयाशी असलेलं नातं मात्र पूर्ण वेगळं.

एक म्हणजे संधिवाताचा ताप, डॉक्टर रुमॅटिक फीव्हर म्हणतात. हा जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या पोरांना होतो. आधी घसा दुखतो, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळं, मग दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि मोठे सांधे सुजतात, आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर, असं फिरत फिरत. जंतू तोपर्यंत निघून गेलेला असतो, पण त्याच्याशी लढायला तयार झालेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, हल्ला करते, कारण जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आणि हृदयातली प्रथिनं दिसायला सारखी. सांधे काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात, मागं काही राहत नाही, म्हणून आईबाप निश्चिंत होतात. झडप मात्र हळूहळू जाड होत जाते आणि दहा-वीस वर्षांनी पोरगी पहिल्या बाळंतपणाला जाते तेव्हा दम लागून कळतं. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथं घशाचा जंतू पटकन पसरतो, आपल्या पूर्व भागातल्या जुन्या चाळींत किंवा मागाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरात काय परिस्थिती असते ते आपण बघतोच.

दुसरा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मोठ्या माणसांना, बायकांना जास्त, हाताची छोटी बोटं, सकाळी तासभर आखडलेली. यात हृदयाच्या आवरणाला सूज येऊन पाणी होणं जास्त दिसतं, व्हॉल्व्हवर क्वचित गाठी येतात, गळती झाली तरी बहुतेक वेळा हलकी असते. तिसरा ल्युपस. चौथा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, तरुण पोरांची कंबर सकाळी आखडणारा, यात महाधमनीचा व्हॉल्व्ह गळू शकतो आणि हृदयातली विजेची वायरिंग बिघडून ठोके मंदावू शकतात, म्हणून यांनी इकोबरोबर ईसीजी पण करायचाच. आणि टाकायासू म्हणून एक आहे, तरुण मुलींना होणारा, एका हाताची नाडीच लागत नाही. अशक्त मुलगी, एका हातात बीपी लागतंय आणि दुसऱ्यात नाही असं झालं तर मशीन खराब आहे म्हणून सोडून देऊ नका, दोन्ही हातांचं बीपी घ्यायला लावा.

रिपोर्टवरनं पण घोळ होतो. एएसओ वाढलेला म्हणजे मागं कधीतरी तो घशाचा जंतू येऊन गेला, एवढंच. रुमॅटॉइडसाठी बघतात तो आरए फॅक्टर वेगळा, ल्युपससाठी बघतात ती एएनए वेगळी. नुसता एएसओ वाढलाय म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिन घेणारे आहेत आणि खरा संधिवाताचा ताप येऊन गेलेला असून एकही इंजेक्शन न घेतलेले पण आहेत. तेव्हा डॉक्टरांकडनं आजाराचं पूर्ण नाव फाईलवर लिहून घ्या. "वात" एवढ्यावर उठू नका.

झडपेला नेमकं होतं काय

हृदयात चार झडपा, रक्त एकाच दिशेनं जावं म्हणून. दाराची कवाडं समजा. कवाड जाड होऊन नीट उघडलं नाही तर ते स्टेनोसिस, नीट मिटलं नाही तर गळती, म्हणजे रिगर्जिटेशन. त्रास जास्त करून डाव्या बाजूच्या दोघांना, मायट्रल आणि एओर्टिक, म्हणजे महाधमनीचा.

ल्युपसमधला प्रकार आम्ही जवळनं बघितलाय. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी ४ पेशंटच्या हृदयात झडपांवर चामखिळीसारखे दाणे बघितले, ज्यात कुठलाच जंतू नव्हता. आजही रिपोर्टवर लिबमन-सॅक्स हेच नाव येतं. हे दाणे जंतूंचे नाहीत, म्हणून अँटिबायोटिकनं जात नाहीत, तिथं सूज आणि रक्ताच्या बारीक गुठळ्या साठलेल्या असतात. झडप त्यानं जाड होते, गळते, पण मोठी भीती वेगळीच आहे. त्यातला कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. तिशीतल्या बाईला लकवा मारला आणि कारणच सापडत नाही, तिथं कधीकधी हेच निघतं.

टूडी इको: निदान झाल्याच्या महिन्यातच

डॉक्टरांनी सांगितलं तर उत्तम, नाही सांगितलं तर आपण विचारायचं: "डॉक्टर, एकदा बेसलाईन इको करून घेऊ का?" एवढं एक वाक्य. उद्या काही झालं तर आजच्याशी तुलना करायला कागद पाहिजे, त्यासाठी बेसलाईन. आमच्याकडं तो कागद नव्हता, त्यामुळं बहिणीचा व्हॉल्व्ह कधीपासून गळत होता हे आजपर्यंत कळलेलं नाही.

इकोला सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायला लागत नाही. सैल कपडे घालून जा, पुढनं उघडणारा ब्लाऊज किंवा शर्ट असला की बरं. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेल लावतात आणि वीस-पंचवीस मिनिटं प्रोब फिरवतात. बहिणीच्या वेळी मी आत उभी होते. पडद्यावर झडप उघडझाप करत होती, पतंगाच्या कागदासारखी, आणि मग डॉक्टरांनी एक बटण दाबल्यावर त्यावर निळा-लाल रंग आला आणि प्रत्येक ठोक्याला एक झोत उलटा मागं जाताना दिसला, मशीनमधनं शूं-शूं आवाज. ती माझ्याकडं बघत होती पडद्याकडं न बघता, माझ्या तोंडावरनं तिला कळायचं ते कळलं. सोबत जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवा, पेशंट तुमचा चेहरा वाचत असतो.

रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायचं कशाला आणि कशाला नाही ते सांगते. "ट्रिव्हियल एमआर", "ट्रिव्हियल टीआर" असं लिहिलेलं असेल तर झोप घालवू नका, धडधाकट माणसांच्या इकोतही तेवढी किंचित गळती दिसते. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर या तीन पायऱ्या खऱ्या महत्त्वाच्या. एमआर म्हणजे मायट्रलची गळती, टीआर म्हणजे उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिडची, एआर म्हणजे एओर्टिकची, एमएस म्हणजे मायट्रल अरुंद. ईएफ म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद, ५५ च्या वर असलं की साधारण चांगलं, पण एक लक्षात ठेवा, मायट्रल जास्त गळत असताना ईएफ चांगलं दिसत राहतं आणि आतनं हृदय दमत असतं, म्हणून "ईएफ ६० आहे, काही नाही" यावर समाधान मानू नका. मायट्रल अरुंद असेल तर एमव्हीए बघा, निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर, दीडच्या खाली गेलं की आजार सिव्हिअर धरतात. आणि आरव्हीएसपी किंवा पीएएसपी म्हणजे फुप्फुसाकडच्या रक्ताचा दाब, तो वाढत चाललाय का ते दर रिपोर्टला जुन्याशी लावून बघा, विशेषतः स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक होत जाणारा आजार, असणाऱ्यांनी.

"थिकन्ड लीफलेट" (जाड झालेलं कवाड) किंवा "व्हेजिटेशन" (झडपेवरचा दाणा) हा शब्द दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. बारीक दाणे साध्या इकोत निसटतात, तेव्हा घशातनं नळी घालून टीईई करायला सांगतात. त्याला मात्र उपाशी राहावं लागतं, घशात स्प्रे मारून बधिर करतात, थोडं नकोसं वाटतं पण होऊन जातं. माझ्या बहिणीनं नंतर गार दूध मागितलं, घसा बधिर असेपर्यंत काही देऊ नका हं, ठसका लागतो.

परत कधी? साधारण हिशोब असा की हलकी गळती असेल तर ३ ते ५ वर्षांनी, मॉडरेटला १-२ वर्षांनी, सिव्हिअरला ६ महिने ते वर्षानं. ल्युपस उसळलेला असेल, नवीन दम लागला, गरोदरपण ठरवायचंय, तर हा हिशोब बाजूला ठेवून लगेच.

रक्त गोठण्याच्या अँटिबॉडी

ल्युपस असेल तर एपीएलए नावाची तपासणी एकदा तरी झालीच पाहिजे, त्यात तीन गोष्टी येतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. या अँटिबॉडी असतील तर झडपेवर दाणे होण्याची आणि गुठळ्यांची शक्यता जास्त. एकदा पॉझिटिव्ह आल्या म्हणून शिक्का मारत नाहीत, १२ आठवड्यांनी परत करतात, दोन्ही वेळा आल्या तरच धरतात. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ते लॅबला आधी सांगा, नाहीतर ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल चुकतो.

आणि एक, जे मला मनापासून सांगायचंय. या अँटिबॉडीमुळं व्हीडीआरएल ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. व्हीडीआरएल म्हणजे गुप्तरोगाची, सिफिलिसची. गरोदरपणात सगळ्यांची करतात. तसा रिपोर्ट आला म्हणून घरात संशय, भांडणं, सासरमाहेर बोलावणं असं होऊन बसतं आणि बिचारीला ल्युपस असतो. टीपीएचए नावाची पक्की तपासणी करा, ती निगेटिव्ह आली की विषय संपला, आणि मग एपीएलए करायला विसरू नका. दोन-तीन वेळा पोट पडलेल्या बाईची तर ही तपासणी करायलाच पाहिजे.

शरीर काय सांगतंय ते ऐका

सांधे दुखले की माणूस ओरडतो, सगळ्या घराला कळतं. व्हॉल्व्ह गप्प बसतो. वर्षं निघतात. आणि दम लागायला लागला तरी माणूस आपली कामं हळूच कमी करून घेतो, आधी जिना टाळतो, मग बाजार टाळतो, आणि म्हणतो मला काही होत नाही. म्हणून "दम लागतो का" असं विचारू नका, "गेल्या पाणी आलेल्या दिवशी किती बादल्या नेल्या, आणि या वेळी किती" असं विचारा. दोन उशा लागतात का झोपायला, रात्री एक-दोनला उठून खिडकीशी बसावं लागतं का, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतो का, छातीत धडधड, चक्कर. हे असेल तर त्या आठवड्यातच दाखवायचं.

तोंड वाकडं होणं, एक हात-पाय गळणं, बोबडं बोलणं, एका डोळ्यापुढं एकदम अंधार, हे असेल तर मिनिटंसुद्धा घालवायची नाहीत. १०८ ला फोन, आणि सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल. पंधरा मिनिटांनी आपोआप बरं झालं तरी जायचंच, तो इशारा असतो.

ताप आला तर

इथं बहुतेक घरं चुकतात. व्हॉल्व्ह खराब आहे आणि अंगात स्टेरॉईड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आहे, अशा माणसाला तीन-चार दिवस ताप राहिला तर दोन शक्यता, ल्युपस उसळलाय किंवा झडपेवर खरेखुरे जंतू बसलेत. इकोत दोन्ही सारखेच दिसू शकतात आणि उपचार उलटे. एकात स्टेरॉईड वाढवायचं, दुसऱ्यात आठवडेच्या आठवडे शिरेतनं अँटिबायोटिक. फरक कळतो तो मुख्यतः ब्लड कल्चरवरनं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीवरनं, आणि कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यावं लागतं, वेगवेगळ्या जागेवरनं दोन-तीन वेळा. मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणून दोन दिवस खाल्लं की कल्चर कोरं येतं आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. तर ताप आला की गल्लीतल्या दवाखान्यात पण पहिलं वाक्य हेच: "व्हॉल्व्हचा त्रास आहे, कल्चर आधी घ्या."

रोजच्या गोळ्या

एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ही ल्युपसची पायाभूत गोळी, ती बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. वजनाला किलोमागं रोज ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात, पहिल्या वर्षात डोळ्याचा पडदा एकदा तपासून ठेवायचा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. स्टेरॉईड एकदम बंद करू नका, जीवावर बेतू शकतं, हळूहळू उतरवतात. आणि सांधेदुखीच्या पुड्या, कुणी गावाकडनं आणून देतं, दोन दिवसांत फरक पडतो म्हणतात. एवढा झटपट फरक पडतोय तर त्यात स्टेरॉईड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते, घेऊ नका. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या की अंगात पाणी साठतं, किडनीवर ताण येतो, गळणाऱ्या व्हॉल्व्हला ते परवडत नाही.

आपलं ऊन. ल्युपसवाल्याला ऊन म्हणजे आजार उसळवायचं आमंत्रण आणि एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर. स्कार्फ, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, आणि कामं सकाळी नऊच्या आत उरकायची. लघवीची गोळी, लॅसिक्स वगैरे, चालू असेल तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का ते विचारून घ्या, घाम आणि लघवी दोन्हीकडनं पाणी-क्षार जातात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. मीठ कमी म्हणजे पापड, लोणचं आणि आपली शेंगाचटणी पण मोजूनच, घरी कमी मिठाची कुटून ठेवली तर भाकरीबरोबर तेवढीच छान लागते.

संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या पोरांसाठी वेगळं आहे. त्यांचं औषध म्हणजे पेनिसिलिनचं लांब टिकणारं इंजेक्शन, पेनिड्युर म्हणतात, २१ दिवसांनी एक, मोठ्यांना १२ लाख युनिटचं. दर वेळी घसा येऊ नये म्हणून, कारण प्रत्येक नव्या घशाला झडपेवर नवा घाव. हृदयाला काही झालं नसेल तर ५ वर्षं किंवा वयाची २१ होईपर्यंत, हृदयाला सूज येऊन गेली पण झडप शाबूत राहिली तर १० वर्षं किंवा २१ पर्यंत, झडप कायमची खराब असेल तर १० वर्षं किंवा ४० पर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. कमरेत ठणकणारं इंजेक्शन आहे, पोरं रडतात, लपून बसतात. कॅलेंडरवर दर २१ व्या दिवसाला गोल करून ठेवा, गड्ड्याची जत्रा असो नाहीतर परीक्षा. इंजेक्शन जिथं रिॲक्शन आली तर सांभाळतील अशा ठिकाणी घ्या आणि नंतर अर्धा तास तिथंच बसा. शाळेत-अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक येतं, त्यांच्या यादीत हा हृदयाचा आजार आहे, पोराचा घसा-सांध्याचा इतिहास त्यांना सांगून हृदय ऐकायला लावा, पैसे पडत नाहीत.

रक्त पातळ करायची गोळी असेल तर

ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन. ही गोळी म्हणजे रोज एकाच वेळी, बरेच जण संध्याकाळी सातला घेतात, आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर महिन्यानं. धातूचा व्हॉल्व्ह मायट्रलला असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५, एओर्टिकला किंवा अँटिबॉडीमुळं गुठळी झालेल्यांना साधारण २ ते ३, तुमचा आकडा डॉक्टरांकडनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. हल्ली तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत, संधिवाताच्या तापानं बरंच अरुंद झालेल्या मायट्रलला चालत नाहीत, आणि एपीएलएच्या तिन्ही अँटिबॉडी असणाऱ्यांना पण नकोत. कुणी बदलून दिल्या तर आधी विचारा.

आमच्या शेजारच्या मावशींना मायट्रलला धातूचा व्हॉल्व्ह आहे, रात्री सगळं शांत झालं की त्यांच्या छातीतली टिकटिक शेजारी झोपलेल्या नातीला ऐकू येते. त्यांना कुणीतरी सांगितलं हिरवी भाजी बंद. भाकरीबरोबर मेथी, चाकवत, शेपू नाही म्हणजे त्या माउलीनं खायचं काय? खरं असं आहे की हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं, म्हणून बंद नाही, सारखं प्रमाण ठेवायचं. आठवड्यात तीनदा खाताय तर दर आठवड्याला तीनदाच. हुरड्याच्या दिवसात मळ्यात जाऊन आठवडाभर रोज मेथी आणि मग महिनाभर काही नाही, असं केलं की आयएनआर झोके खातो. नवी कुठलीही गोळी सुरू झाली, जुलाबाचं मेट्रोनिडाझोल सुद्धा, की आठवड्याच्या आत आयएनआर बघा. काळी शी, हिरड्यांतनं रक्त, अंगावर निळे डाग दिसले तर तडक दवाखाना.

दात

तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसतात, म्हणून दोन वेळा ब्रश आणि सहा महिन्यांनी दाताचा डॉक्टर. मिश्री बंद. कृत्रिम व्हॉल्व्ह असणाऱ्यांनी किंवा आधी झडपेला जंतुसंसर्ग झालेल्यांनी दात काढायच्या आधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच घ्यायचं असतं, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं देतात. बाकीच्यांना सरसकट लागत नाही. दाताच्या डॉक्टरांसाठी ॲसिट्रॉम स्वतःच्या मनानं बंद करू नका.

लग्न आणि बाळ

घरची माणसं हे विचारायला लाजतात आणि तिथंच घात होतो. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. गळणारी झडप हे बऱ्यापैकी सोसते, अरुंद झडप सोसत नाही, सहाव्या-सातव्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून दिवस राहायच्या आधी इको, गरज असेल तर आधी बलून घालून झडप मोकळी करून घ्यायची. ल्युपस किमान ६ महिने शांत पाहिजे. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट बाळाला घातक, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधीच बदलून घ्यायची, एचसीक्यू मात्र चालू ठेवायची. वॉरफेरिन-ॲसिट्रॉम ६ ते १२ आठवड्यांत बाळाला व्यंग करू शकतं, पण धातूचा व्हॉल्व्ह असताना भीतीनं गोळी बंद केली तर व्हॉल्व्हच गोठून आईचा जीव जातो, त्यामुळं पाळी चुकली की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर, ते हेपारिनचं, म्हणजे रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचं, वगैरे ठरवतील. आणि रो, ला या दोन अँटिबॉडी तपासा, त्या असतील तर शंभरात एक-दोन बाळांचे ठोके पोटातच मंदावतात, म्हणून चौथ्या महिन्यापासनं बाळाचा इको करत राहतात.

ऑपरेशन सांगितलं तर

पहिलं, आजार उसळलेला असताना शक्यतो करत नाहीत, आधी तो शांत करतात, म्हणून हृदयाचे आणि संधिवाताचे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. ते आपोआप बोलतील ही आशा धरू नका, एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडं तुम्ही न्यायची. संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली झडप पुष्कळदा जांघेतनं बलून घालून मोकळी करता येते, छाती उघडावी लागत नाही. झडप शिवून दुरुस्त करता आली तर आधी तेच विचारा. बदलायचीच असेल तर धातूची टिकते पण गोळी आणि आयएनआर जन्मभर, जनावराच्या ऊतीची असेल तर साधारण १०-१५ वर्षं आणि तरुणांत त्याहून लवकर झिजते. आपल्या देशात बनलेली पण आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्यथन यांच्या पुढाकारानं बनलेला चित्रा व्हॉल्व्ह, ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा माणसाला बसवला.

पैशासाठी दागिने मोडायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, बलून आणि व्हॉल्व्ह बदलणं त्यात बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, हॉस्पिटल योजनेत आहे का ते १५५३८८ वर विचारा. ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, डिपॉझिट भरल्यावर नाही. कुठनं सुरुवात करायची कळत नसेल तर सिव्हिलला केस पेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत बसा, तिथनं पुढची वाट लागते. पुण्या-मुंबईला पाठवलं तर इकोच्या कागदाबरोबर सीडी पण मागून घ्या, नाहीतर तिथं परत सगळं पहिल्यापासनं.

फाईल

एकच, जाड प्लॅस्टिकची, चेनवाली. पहिल्या पानावर आजाराचं पूर्ण नाव, गोळ्या आणि डोस, ॲलर्जी, आयएनआरचा आकडा, दोन डॉक्टरांचे फोन. त्यामागं सगळे इको तारखेनं, नवा वर. मग रक्ताचे रिपोर्ट. पहिल्या पानाचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये.

बहिणीचा पहिला इको मॉडरेट एमआर, झडपेवर दोन बारीक दाणे, अँटिबॉडी दोन्ही वेळा पॉझिटिव्ह. ऑपरेशन लागलं नाही. ल्युपसची औषधं बदलली, रक्त पातळ करायची गोळी लागली, दर वर्षी इको होतो. गेल्या वेळच्या रिपोर्टवर दाण्यांचा उल्लेख नाही, गळती आहे तेवढीच. जिन्यावर आता मोटर बसवलीय, पाणी आलं की बटण तीच दाबते आणि वरनं आवाज देते, "ताई, टाकी भरायलीय, बंद कर."